अर्ध्या तासाचा थोरला

विहिरीत उतरायचं ते थोरल्यानेच, हे कधी कुणी ठरवलं नव्हतं. उन्हाळ्यात पाणी तळाला गेलं की कप्पीवर दोर चढायचा. थोरला सदरा काढून कठड्यावर ठेवायचा, डोक्याला लाल चौकड्याचं फडकं बांधायचा आणि दोराच्या फासात पाय अडकवून खाली जायचा. वर दोर धाकट्याच्या हातात. त्याच्या मागे दोघी जावा. गाळाचं घमेलं वर आलं की धाकटी जाऊ ते काठावर ओढून घ्यायची आणि थोरली ते बांधावर नेऊन ओतायची.

दोघे भाऊ जुळे. थोरला आधीचा, धाकटा अर्ध्या तासाने मागून आलेला. पण त्या अर्ध्या तासाला चव्वेचाळीस वर्षांत भलतंच बळ आलं होतं. वडिलांचं कंबरडं मोडलं तेव्हा शाळा सुटली ती थोरल्याची. धाकटा शिकत राहिला, तालुक्याला जाऊन इंजिनं दुरुस्त करायला शिकला, मनात आलं तेव्हा परत आला. थोरल्याच्या खांद्यावर पोत्यांचा घट्टा. धाकट्याच्या खांद्यावर फार तर टॉवेल. थोरला सगळ्यांच्या शेवटी जेवायचा, निजायच्या आधी गोठ्याची कडी दोनदा हलवून बघायचा, आणि हसला तरी तोंड मिटूनच हसायचा. धाकटा जेवता जेवता नकला करायचा. काही सांडलं, मोडलं, हरवलं, तर आई म्हणायची, "जाऊ दे रे, धाकटा आहे." तीच आई थोरल्याला म्हणायची, "तुला कळायला नको?" हे दोघे चार वर्षांचे असल्यापासून चाललं होतं आणि दोघांच्या कानशिलांवर पांढरे केस आले तरी चाललंच होतं.

त्या मंगळवारी थोरला तळाशी गुडघाभर गाळात उभा होता. पश्चिमेच्या कोपऱ्यात पहार मारली तर ती आत गेली. आवाज पोकळ आला. त्याने पहार हलवून काढली आणि भोकातून पाणी आलं. नुसतं झिरपलं नाही. हात लावला तर हाताला ढकलत होतं. गार, स्वच्छ, गाळाचा वासही नसलेलं. थोरल्याने ओंजळ भरून तोंडाला लावली. वर हाक मारायला तोंड उघडलं.

आणि मिटलं.

सोमवारी मोजणीदार येणार होता. वाटणी करायची हे दोन महिन्यांपूर्वीच ठरलं होतं. भांडण असं नव्हतं. दोन चुली झाल्या होत्या, धाकट्याला रस्त्याला लागून दुरुस्तीची शेड टाकायची होती, एवढंच. वडील जाताना सांगून गेले होते, थोरल्याने दोन भाग पाडायचे आणि धाकट्याने त्यातला आधी उचलायचा, म्हणजे कुणाला बोलायला जागा नको. थोरल्याने रान आडवं कापलं होतं. वरचा भाग रस्त्याकडचा, खालचा विहिरीकडचा. धाकटा शेडसाठी रस्ताच घेईल असं त्याने धरलं होतं. पण गेले आठ दिवस धाकटा अधूनमधून म्हणायचा, "विहिरीशिवाय नुसता रस्ता घेऊन काय करायचं, दादा?" हसत म्हणायचा. तो हसत काहीही म्हणायचा, त्यामुळे त्यातलं खरं किती हे कळायचं नाही.

थोरल्याने विहिरीत जेवढा घाम गाळला होता तेवढा आणखी कुठे गाळला नव्हता. तळाचा एकेक दगड त्याला पायाने ओळखू यायचा. धाकट्याने तर ती वरूनच पाहिलेली.

त्याने डोक्याचं फडकं सोडलं, त्याचा बोळा केला, भोकात कोंबला. वरून चिकणमाती थापली, माती धरून राहावी म्हणून एक दगड ठोकून बसवला. वरून धाकट्याचा आवाज आला, "काय रे दादा, झोप लागली का?"

"खडक लागलाय," थोरला ओरडला. "सगळीकडे खडकच आहे. ओढ वर."

वर आल्यावर बायकोने विचारलं, "फडकं कुठाय?"

"पडलं गाळात."

"असं कसं पडलं? बांधलेलं होतं ना?"

थोरल्याने सदरा अंगात चढवला. धाकटी जाऊ घमेलं धूत होती. तिने मान वर करून त्याच्या उघड्या डोक्याकडे पाहिलं आणि परत घमेलं धुवायला लागली. तेवढं पाहणंही थोरल्याला टोचलं.

पुढचे दिवस तो स्वतःच्या घरात चोरासारखा वावरला. पहाटे उठून आधी विहिरीत डोकावायचा. बोळा धरून होता, पण कडेने थोडं झिरपत असावं. गुरुवारी पाणी चार बोटं वर दिसलं. तो काठावर वाकलेला असतानाच मागून धाकटा आला, दात घासत.

"पाणी वाढलंय का रे?"

"कुठे वाढलंय? सावली पडलीय म्हणून तसं दिसतंय."

"सावली?" धाकट्याने वर पाहिलं. सूर्य अजून उगवायचा होता. "बरं," तो म्हणाला आणि चूळ भरायला गेला.

ते 'बरं' थोरल्याच्या डोक्यातून दिवसभर गेलं नाही. धाकटा जेवताना दोनदा त्याच्याकडे बघून हसला, तेही त्याने मनात ठेवलं. धाकटी जाऊ विहिरीवर कपडे धुवायला जरा जास्त वेळ बसली, तेही. गुरांना पाणी पाजताना त्याला बायकोच्या डोळ्यांतही काहीतरी दिसायला लागलं. आयुष्यभर त्याने दुसऱ्यांनी लावलेल्या कड्या तपासल्या होत्या. आता त्याला वाटत होतं की सगळे मिळून त्याची कडी हलवून बघतायत.

शुक्रवारी मावशी आली. ही आईची सगळ्यांत धाकटी बहीण. डोळ्यांनी जवळजवळ गेलेली, पण तोंडाने खणखणीत. थोरल्या जावेनेच निरोप पाठवला होता. वाटणी झाली की घर पांगेल, त्याआधी म्हातारीला चार दिवस राहू द्यावं म्हणून. दुपारी सगळे ओटीवर शेंगा सोलत बसले होते. मावशी जो जवळ येईल त्याच्या तोंडावरून हात फिरवून तो कोण ते ओळखायची. धाकटा मुद्दाम न बोलता तिच्यापुढे जाऊन बसला. मावशीचा हात त्याच्या कपाळावरून गालावर, गालावरून कानामागे गेला. तिथे एक टपोरा मस होता. तो बोटाला लागला तशी ती हसली.

"हा बघा आमचा पहिला! मी कंदील धरून उभी होते. बारा वर्षांची असेन. आधी हा बाहेर आला, हा मस घेऊन. सुईण म्हणाली, अगं बाई, शिक्का मारूनच पाठवलाय."

शेंगा सोलायच्या थांबल्या.

"मावशी, हा धाकटा," थोरली जाऊ म्हणाली.

"धाकटा कसला? मी डोळ्यांनी पाहिलंय. तेव्हा होते मला डोळे."

"गप्प बस गं," आई म्हणाली. एवढं भराभर म्हणाली की तिला काय लपवायचंय हे तिथेच सगळ्यांना कळलं. मग सावरून म्हणाली, "भ्रम झालाय हिला. वय झालंय."

"तुझ्यापेक्षा चौदा वर्षांनी लहान आहे मी," मावशी म्हणाली. "भ्रम आधी तुला व्हायला पाहिजे."

धाकटा मोठ्याने हसला. "म्हणजे मी दादा? अरे वा. चल, मला दादा म्हण बघू." त्याने थोरल्याच्या पाठीवर थाप मारली. थोरल्याची पाठ ओंडक्यासारखी ताठ होती. धाकट्याचं हसू हळूहळू कमी झालं.

धाकटी जाऊ उठली. पदरातली टरफलं झटकत, कुणाकडेच न बघता म्हणाली, "मावशींना निरोप ताईंनीच धाडला होता ना? आणि नेमका वाटणीच्या तोंडावर. आता जो खरा धाकटा, तो आधी उचलणार."

"काय म्हणायचंय तुला?" थोरली जाऊ लाल झाली. "मी शिकवलं म्हातारीला?"

"मी कुठे काय म्हटलं? मी आपली विचारतेय, आता मी तुम्हाला ताई म्हणायचं की तुम्ही मला."

भांडी जरा जास्तच आपटत दोघी आपापल्या चुलीकडे गेल्या. मावशी तशीच बसून राहिली, हातातली शेंग उकलत, आपण काय केलं ते न कळून.

थोरल्याला आधी एकच गोष्ट दिसली. भाग त्याने पाडले होते. धाकटा जर थोरला ठरला, तर भाग पुन्हा पाडायचा हक्क त्याचा. म्हणजे हे धाकट्यानेच घडवून आणलं असणार. मावशीपुढे मुद्दाम न बोलता जाऊन बसला, कान पुढे केला. पाणी वाढलंय का म्हणून विचारतोय. 'बरं' म्हणतोय. असा तो माळ ओवत बसला. मग संध्याकाळी गाय बांधता बांधता त्याचे हात थांबले. धाकट्याचं सोडा. मावशी खोटं बोलत नव्हती.

आई गोठ्यात दूध काढत बसली होती. तो तिच्या शेजारी उकिडवा बसला.

"आई, खरं काय ते सांग."

धारांचा आवाज चालू राहिला. बराच वेळ. मग आई गाईच्या पोटाकडे बघत बोलायला लागली.

"पहिला आला तो एवढासा. निळा. रडेचना. सुईणीने पालथा घातला, चोळला, तेव्हा कुठे मांजराएवढा आवाज काढला. तू मागून आलास आणि आल्या आल्या घर डोक्यावर घेतलंस. तुझे वडील बाहेरून विचारत होते, थोरला कुठला? मी तुझ्याकडे बोट केलं."

"का?"

"मी सहा जणांतली थोरली. थोरल्याच्या वाट्याला काय येतं ते मला कुणी सांगायला नको होतं. नऊ वर्षांची होते तेव्हापासून कडेवर कुणी ना कुणी होतंच. ही मावशी माझ्याच कडेवर वाढली. मी त्या दोघांकडे बघितलं, याच्याने व्हायचं नाही म्हटलं."

"आणि माझ्याने होईल?"

आईने पहिल्यांदा त्याच्याकडे पाहिलं. "झालं की," ती म्हणाली.

थोरला उठला. त्याला काहीतरी लाथाडावंसं वाटत होतं, पण समोर फक्त दुधाची चरवी होती, आणि दूध सांडायचं त्याच्या अंगात नव्हतं. तो वळला तर गोठ्याच्या दारात धाकटा उभा होता. सगळं ऐकलेलं.

"आई," धाकटा म्हणाला. त्याचा आवाज नकला करणाऱ्याचा नव्हता. "माझ्याने होतं का, हे एकदा तरी बघायचंस की. पोतं उचलायला गेलो की ठेव म्हणायचीस. नांगराला हात लावला की दादाला दे. शेवटी मी इंजिनं उघडायला शिकलो, कारण त्यातलं घरात कुणाला काही कळत नव्हतं. तिथे तरी मला कुणी 'ठेव' म्हणालं नाही."

आई दुसऱ्या आचळाकडे वळली.

शनिवारी सकाळी थोरला विहिरीवर गेला तर धाकटा सदरा काढून काठावर उभा. बरगड्या मोजता येतील अशी छाती. दोराचा फास त्याने कप्पीवरून ओढून घेतला होता. आधीच सगळ्यांना सांगून टाकलेलं दिसत होतं, कारण दोघी जावाही येऊन उभ्या होत्या, एकमेकींपासून चार हात लांब.

"आज मी उतरतो," धाकटा म्हणाला. "थोरल्याने उतरायचं असतं ना?"

"वेड लागलंय? तुझी छाती—"

"छातीचं मी बघतो."

"खाली आहे काय? खडक आहे. मी सांगितलं ना. उगीच कशाला..."

"उगीचच. बघू तर दे खडक कसा असतो. चव्वेचाळीस वर्षांत पाहिला नाही."

"दम लागेल तुला. खाली हवा कमी असते. चिखलात पाय रुतला तर..." थोरला बोलत सुटला. एवढं तो महिन्याभरात बोलला नव्हता. धाकटा फास हातात धरून ऐकत राहिला, आणि ऐकता ऐकता त्याचे डोळे बारीक झाले.

"दादा, तू मला खाली का जाऊ देत नाहीयेस?"

थोरल्याने दोर हातात घेतला.

धाकटी जाऊ पुढे आली आणि त्याच्या मागे दोराला हात घालून उभी राहिली. ती पूर्वीही दोर धरायची, पण आजचं धरणं वेगळं होतं. थोरल्याला ते हातांतूनच कळलं. दोर त्याच्या मुठींतून सरकत होता तो तिच्याही मुठींतून, आणि तिची मूठ त्याच्यापेक्षा आवळलेली होती. त्याच्या हातून सुटलाच तर तिच्या हातून सुटू नये म्हणून. आपल्याच भावजयीने आपल्या हातावर पहारा ठेवावा, याची थोरल्याला एवढी लाज वाटली की कानांत घाम आल्यासारखं झालं. पण ती चुकली होती, असं म्हणायला त्याला तोंड नव्हतं.

दोर सैल पडला. धाकटा तळाला टेकला होता.

आधी खोकल्याचा आवाज आला. मग पाण्यात पाय टाकल्याचा. मग पहार दगडावर वाजली, एकदा, दोनदा. थोरल्याला न बघता कळत होतं तो कुठे उभा आहे. पूर्वेला. आता उत्तरेला. पहार वाजत वाजत पश्चिमेला गेली आणि थांबली.

काहीच ऐकू येईना.

"अहो!" धाकटी जाऊ ओरडली.

उत्तर नाही. तिने थोरल्याकडे पाहिलं, तो विहिरीकडे बघत होता. मग दोराला हिसका बसला.

तिघांनी मिळून ओढला. धाकटा वर आला तो चिखलाने माखलेला, ओठ पांढरे, छाती भात्यासारखी चाललेली. काठावर पालथा पडून त्याने दम घेतला. बायकोने त्याचं तोंड पुसलं.

"काय आहे हो खाली?"

धाकट्याने थोरल्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"खडक," तो म्हणाला.

मग म्हणाला, "चहा टाका कुणीतरी. दोघीही जा."

जावा गेल्या. धाकटा उठून बसला, पाय विहिरीत सोडून.

"फडकं तुझंच आहे ना?"

थोरला त्याच्या शेजारी बसला नाही. उभाच राहिला, शिक्षा झालेल्या पोरासारखा.

"हो."

"कधी?"

"मंगळवारी."

"तू सांगितलंस खडक, मी म्हटलं खडक. सावली म्हणालास, मी म्हटलं असेल सावली. सूर्य नव्हता तरी." धाकटा खोकला, थुंकला. "मी मागितली असती विहीर, तर दिली नसतीस?"

"तुला कधी मागावं लागलंय?"

"मला कधी मागू दिलंय?"

कप्पी वाऱ्याने करकरत होती. थोड्या वेळाने थोरला म्हणाला, "बोळा काढलास?"

"नाही. चाचपला आणि तसाच ठेवला. तू घातलास, तू काढ. मी धरतो दोर."

"एकटा? तुला माझं वजन पेलायचं नाही."

"ते बघू."

थोरल्याने सदरा काढला. फास पायात अडकवला. खाली जाताना तो दरवेळी दगडांकडे बघत जायचा. या वेळी वर बघत गेला. धाकट्याचे दोन्ही पाय कठड्याला टेकलेले, मान मागे, दातओठ आवळलेले. दोर हिसके खात होता, पण येत होता.

तळाशी त्याने दगड उचकटला, माती खरवडली आणि फडक्याचं टोक दोन बोटांत धरून ओढलं. ते निघेना. पाण्याने फुगून बसलं होतं. त्याने पाय भिंतीला रेटून दोन्ही हातांनी हिसडा दिला आणि फडकं सुटलं तसं पाणी त्याच्या छातीवर येऊन आदळलं. तो मागे पडला. उठला तेव्हा पाणी घोट्यावर होतं. भोकाच्या कडेची माती ढासळत होती, भोक मोठं होत होतं. पाणी पिंडऱ्यांवर आलं.

"ओढ!" तो ओरडला.

दोर हलला नाही.

त्याने वर पाहिलं. आभाळाचा गोल, त्यात कप्पीचं लाकूड. धाकटा दिसत नव्हता. पाणी गुडघ्याला लागलं. थोरल्याने पुन्हा हाक मारली नाही. त्याच्या मनात आलं, हा सोडून गेला. आणि त्यामागोमाग आलं, की मी असतो तर? त्या विचाराने त्याला पाण्यापेक्षा जास्त गार वाटलं. तो फास हातात धरून उभा राहिला. पाणी मांड्यांवर आलं.

मग कठड्यावर धाकट्याचं डोकं दिसलं. "पाय टाकलास का? दोर खांबाला गुंडाळत होतो. हातांनी पेलायचा नाहीस तू, बैला!"

एक पीळ, मग थांबणं, मग दुसरा पीळ. अर्ध्यावर तो बराच वेळ लोंबकळत राहिला, वरून नुसता धापांचा आवाज. पण त्याने आणला. काठावर दोघेही पडून राहिले, एकमेकांकडे न बघता.

जावा चहा घेऊन आल्या तेव्हा विहिरीतून खळखळाट ऐकू येत होता. धाकटी जाऊ काठाशी धावली. "पाणी? आताच तर खडक म्हणालात!"

"खडकातच लागलं," धाकटा म्हणाला.

तिने एकदा नवऱ्याकडे पाहिलं, एकदा थोरल्याकडे, आणि मग थोरल्याच्या मुठीतल्या पिळलेल्या लाल फडक्याकडे. थोरलीनेही पाहिलं. दोघींच्या नजरा क्षणभर एक झाल्या. वाटणीची गोष्ट निघाल्यापासून दोघींना एकाच वेळी एकच कळलं असं पहिल्यांदाच झालं होतं. चहा थोरल्याला सगळ्यांत शेवटी मिळाला, आणि कोमट.

सोमवारी मोजणीदार आला. टेप, खुंट्या, छत्री. "कुणी भाग पाडलेत?" त्याने विचारलं.

"मी पाडतो," धाकटा म्हणाला.

थोरल्याने आडवं कापलं होतं ते त्याने मोडलं. रान उभं कापलं, रस्त्यापासून थेट विहिरीपर्यंत. रेघ विहिरीच्या मधोमध. दोन्ही पट्ट्यांना रस्ता, दोन्ही पट्ट्यांना पाणी. फरक एवढाच, एक डावी आणि एक उजवी. मोजणीदार म्हणाला, "हे तर पहिल्या दिवशीच करायचं होतं."

"मला कुणी विचारलं नव्हतं," धाकटा म्हणाला. मग थोरल्याकडे वळला. "उचल. कुठली हवी?"

थोरला दोन पट्ट्यांच्या मधे उभा होता. आई बांधावर बसली होती, शेजारी मावशी. जावा, मोजणीदार, सगळे त्याच्या तोंडाकडे बघत होते. त्याने डावीकडे पाहिलं. उजवीकडे पाहिलं. कुणाला जास्त गरज आहे, हे बघायची त्याला सवय होती. उरेल ते घ्यायची सवय होती. परवा पहिल्यांदा काही हवंसं वाटलं, तर ते त्याने चोरायला घेतलं होतं. आपल्याला काय हवं, असं सरळ त्याला कुणी विचारलं नव्हतं, आणि आता विचारलं तर आत काही उमटतच नव्हतं.

"लवकर सांगा," मोजणीदार म्हणाला. "मला अजून एक मोजणी आहे."

"थांबा हो," आई एकदम म्हणाली. "बघू दे त्याला."

थोरला डाव्या पट्टीतून रस्त्यापर्यंत गेला. उजव्या पट्टीतून परत आला. मोजणीदाराने छत्री उघडली. दोन्हीकडे तीच माती, तेच गवत. शेवटी थोरला म्हणाला, "उजवी."

"का?" धाकट्याने विचारलं.

"उगीच."

"उगीच? तू?"

"उगीच," थोरला म्हणाला. आणि तोंड उघडून हसला. पुढचे दोन दात पडलेले होते, ते त्याच्या बायकोलाही त्या दिवशी नीट दिसले.

धाकटा हसला नाही. तो उजव्या पट्टीकडे बघत राहिला.

मंगळवारी सकाळी थोरली जाऊ सडा घालून आत आली आणि नवऱ्याला हलवलं. "अहो, उठा जरा. भाऊजी आपल्या रानात काय करतायत बघा."

थोरला खिडकीशी गेला. उजव्या पट्टीत धाकटा पहार घेऊन फिरत होता. चार पावलं चालायचा, थांबायचा, पहार जमिनीत मारायचा, कान देऊन ऐकायचा. मग पुढे. वाकलेली मान, जड पावलं, कपाळाला आठी. एकदा तो थांबून घराकडे वळून बघत राहिला, कुणी पाहतंय का ते.

"काय शोधतायत ते?"

"मी उजवी का घेतली ते."

"मग सांगा की त्यांना, काही नाहीये तिथे."

"सांगितलं काल. त्याला ते पटायचं नाही." थोरल्याने जांभई दिली. "थोरला आहे तो."

गोठ्यात गाय हंबरत होती. उन्हं अंगण ओलांडून उंबऱ्यापर्यंत आली होती. थोरला खिडकीपासून वळला, अंथरुणाशी गेला आणि पांघरूण तोंडावर ओढून पुन्हा झोपला.